लस कधी घ्यायची, हे कुणी ठरवलं?

(हा पाठ गटाच्या मासिक बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावा. जिथं ‘थांबा’ लिहिलंय तिथं वाचन थांबवून आपसात बोलावं. वसुली आणि कर्जाचे अर्ज आधी उरकून घ्या, म्हणजे कुणाचं ध्यान घराकडं लागणार नाही.)

तायांनो, मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एक गोष्ट घडली. आशाताई बाळांच्या लसीकरणाची यादी घेऊन आल्या होत्या. यादीतल्या एका लेकराला नऊ महिने पूर्ण झालेले, गोवर-रुबेलाची लस राहिलेली. त्याची आई आमच्याच गटातली, वय असंल बावीस-तेवीस. आशाताई तिच्या घरी दोनदा जाऊन रिकाम्या हातानं परत आल्या होत्या. बैठकीत विचारलं तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, “कोरोनाची लस घेतलेली माणसं आता अटॅकनं जायलेत म्हणं. मोबाइलवर रोज येतंय. मग मी माझ्या लेकराला कशाला टोचू?”

कुणी काही बोललं नाही. मी सचिव, रजिस्टर माझ्या मांडीवर. बोलायला मीच पाहिजे होतं, पण माझीही जीभ टाळ्याला चिकटली. कारण तिचा प्रश्न खोटा नव्हता. भीती खरी होती. आणि लशीच्या बाबतीत माझा स्वतःचा हिशोब काही फार चोख नाही. म्हणून हा पाठ लिहायला घेतला.

कोरोना येऊन पाच वर्षं होऊन गेली. जागतिक आरोग्य संघटनेनं 5 मे 2023 ला ‘आता आणीबाणी संपली’ असं जाहीर केलं. आपण तर त्याच्या आधीच मास्क चुलीत घातले होते. पण त्या दोन-तीन वर्षांत आपल्या घरात काय काय झालं, कुणी काय ठरवलं, हे आपण कधी बसून बोललो नाही. मेलेल्यांचं दुःख केलं, पुढं निघालो.

आधी थोडं मागचं. साथ आपल्या मुलखाला नवी नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात पसरला. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या, मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात नेलं, त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं प्लेगची लस तयार करून पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. त्या वेळी पण लोक रोगी लपवायचे. गोरे सोजीर घरात घुसून तपासायचे, माणूस उचलून न्यायचे, म्हणून लपवायचे. आणि गाव सोडून रानात झोपड्या टाकून राहायचे. आमच्या आजेसासूबाई त्या झोपड्यांच्या गोष्टी त्यांच्या आईकडून ऐकलेल्या सांगायच्या. 2021 च्या मे महिन्यात आमच्या गावातली चार-पाच घरं शेतातल्या आखाड्यावर राहायला गेली, तेव्हा मला त्याच गोष्टी आठवल्या.

दुसरी साथ देवीची. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी सत्तरीच्या पुढचं माणूस आहे त्यांनी त्याचा दंड बघा. गोल, खोलगट वण दिसंल. माझ्या सासूबाईंच्या दंडावर असे दोन आहेत. ‘देवी काढायला’ माणूस गावात आला की लेकरं कणगीच्या मागं लपायची, आणि त्याला दारात बघून बायका शिव्या द्यायच्या. तरी त्यांनी गावोगाव टोचलं, आणि 1975 नंतर आपल्या देशात देवीचा रोगी सापडला नाही. आज आपल्या लेकींना देवीचे वण म्हणजे काय हे ठाऊकच नाही. सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचे डोळे देवीनं गेले होते. म्हणून 1 मार्च 2021 ला साठीच्या पुढच्यांना कोरोनाची लस सुरू झाली तेव्हा आमच्या घरातून पहिल्या त्या निघाल्या. “मला टोचा बाबा, मी बघितलंय,” एवढंच म्हणाल्या. नव्या लुगड्याची घडी मोडली त्या दिवशी.

थांबा. तुमच्या घरात देवीचा वण कुणाच्या दंडावर आहे? त्यांनी काय सांगितलंय?

आता आमच्या घराची गोष्ट. आमचा भाग हळदीचा. मार्च-एप्रिलमध्ये हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, मग तिचं पॉलिश. त्या दिवसांत घरात नऊ-दहा गडीमाणसं जेवायला असतात. माझ्या थोरल्या जाऊबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो, तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांच्या. साखरेचा आजार. 1 एप्रिल 2021 पासून पंचेचाळिसाच्या पुढच्या सगळ्यांना लस मिळायला लागली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गावातल्या शाळेत शिबिर लागलं. मास्तरीणबाईंनी घरोघर सांगितलं.

अक्का जायला तयार होत्या. चप्पल घालून ओसरीवर आल्या होत्या, हे मला नीट आठवतंय. भाऊजी म्हणाले, “हळद निघू दे, मग जा. ताप आला म्हणजे कोण करणार?” आणि मी काय म्हणाले? “अक्का, पुढच्या खेपेला जाऊ की, मलाही मिळंल तोवर. दोघी बरोबर जाऊ.”

हे मी प्रेमानं बोलले असं मी सगळ्यांना सांगत आले. खरं सांगते, अक्काला दोन दिवस ताप आला असता तर दहा माणसांच्या भाकरी माझ्या एकटीच्या अंगावर पडल्या असत्या. ते माझ्या मनात होतं. अक्कांनी चप्पल काढली आणि परत चुलीपुढं बसल्या.

त्याच दिवसांत साथ आली. राज्यात 18 एप्रिलला एका दिवसात 68 हजारांवर नवे रोगी निघाले. पहिल्या वेळी, 2020 मध्ये, आम्ही गावाच्या वेशीवर काट्या टाकल्या होत्या. गटात मास्क शिवून विकले, पुण्या-मुंबईहून आलेल्यांना शाळेत ठेवलं. गावात तेव्हा एकही दगावलं नाही. त्याचाच आम्हाला माज चढला. ‘हा शहरातला रोग, उन्हात कष्ट करणाऱ्याला होत नाही’ असं आम्ही बोलायचो. सरकारनं लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास असा नियम केला होता. आमच्या भावकीत एप्रिलच्या शेवटी लग्न झालं. लग्नात पंचवीसच होते, ग्रामसेवकांनी मोजले. पण आदल्या रातच्या हळदीला दीडशे होते, आणि त्यांचं वरण-बट्टीचं जेवण करायला मी, अक्का आणि गटातल्या सहा जणी एका बंद पडवीत चार तास होतो.

पाच-सहा दिवसांनी एकेक घर खोकायला लागलं. औषधवाल्याकडून गोळ्या आणायच्या, ‘उन्हाळी लागलीय’ म्हणायचं. तपासणीला कुणी जाईना. का जाईना, हे समजून घ्या. तपासणीत निघालं तर शाळेत नेऊन ठेवणार. दारावर येणं-जाणं बंद, दूधवाला दूध घेणार नाही. आणि सगळ्यात मोठी भीती ही की दवाखान्यात गेलेलं माणूस माघारी येत नाही, तोंडही बघायला मिळत नाही. ही भीती वेड्याची नव्हती. असं झालेलं लोकांनी बघितलं होतं.

अक्कांना तिसऱ्या दिवशी आशाताईंनी ऑक्सिमीटर लावलं. 91. पण अक्का आमच्याशी बोलत होत्या, चहा मागत होत्या. आम्ही म्हणालो मशीन बिघडलंय. इथं आम्ही चुकलो, आणि ही चूक कितीतरी घरांनी केली. या रोगात रक्तातला ऑक्सिजन खाली जातो तरी माणसाला दम लागल्यासारखं वाटत नाही, ते हसत-बोलत असतं. म्हणूनच तर त्या वेळी सांगायचे, सहा मिनिटं घरात चालवा आणि परत बोट लावा, आकडा 94 च्या खाली गेला की दवाखाना गाठा. बोटाला मेंदी किंवा नखाला रंग असंल तर दुसरं बोट लावा, आकडा चुकू शकतो. अक्कांच्या बोटांना लग्नातली मेंदी होती. आम्ही तेच निमित्त धरलं. दोन दिवस गेले. मग खाट मिळवायला एक दिवस गेला. अकराव्या दिवशी त्या गेल्या.

शिबिरात लस घेतली असती तर अक्का वाचल्याच असत्या का? हे छातीठोक कुणी सांगू शकत नाही. एकच डोस झाला असता, आणि लशीचा पूर्ण जोर दुसऱ्या डोसानंतर दोन आठवड्यांनी येतो. पण काहीच नसण्यापेक्षा काहीतरी असतं. मला जे बोचतं ते वेगळंच. तिच्या अंगाचा निर्णय ती सोडून आम्ही सगळ्यांनी घेतला.

थांबा. तुमची पहिली लस कधी घ्यायची हे कुणी ठरवलं होतं? एकेकीनं सांगा. दुसरीनं मध्ये बोलू नये.

अक्कांच्या तेराव्यानंतर आमच्या गटाची बैठक लागली. बारा जणींतल्या सात जणी पंचेचाळिसाच्या वर, त्यांतल्या दोघींनीच लस घेतलेली. मात्र त्याच सात घरांतल्या पाच पुरुषांची झालेली होती! आमच्याच गावात असं होतं असं नाही. 2021 च्या पहिल्या काही महिन्यांत देशभरातच लस घेणाऱ्यांत बाया पुरुषांच्या मागं होत्या. आम्ही कारणं विचारायला बसलो तर रजिस्टरचं पान भरलं.

एकीची पाळी होती, आणि मोबाइलवर आलं होतं की पाळीच्या मागच्या-पुढच्या पाच दिवसांत लस घेऊ नये. हे साफ खोटं होतं. एकीची सून बाळंतीण, दूध पाजणारी. सुरुवातीला पाजणाऱ्या आयांना लस नव्हतीच, 19 मे 2021 ला परवानगी आली, आणि गरोदर बायांना 2 जुलैला. पण ‘नाही’ म्हणून आलेली बातमी गावात पंख लावून येते, आणि ‘हो’ म्हणून आलेली बैलगाडीनं. दोघी जणी म्हणाल्या, मूल होत नाही म्हणे त्यानं, पोरींना नको. एकीचं आधार कार्ड सावकाराकडं अडकलेलं.

आणि मोबाइल! तेव्हा नोंदणी को-विनवर, ओटीपी येणार मोबाइलवर, आणि मोबाइल कुणाच्या खिशात? एका नंबरवर चार नावं चालायची. आमच्या गटातल्या एका मावशीचं नाव पुण्यातल्या पोराच्या नंबरवर घातलेलं. दुसऱ्या डोसाचा मेसेज पुण्याला पोचला, पोरगं कंपनीत रात्रपाळीला, आणि मावशी इकडं वाट बघत. तसं पंचेचाळिसाच्या पुढच्यांना केंद्रावर जाऊन जागेवर नाव लावता येत होतं. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

पण सगळ्यात जास्त बायांनी एकच कारण दिलं: ताप आला तर घरचं कोण करणार?

याला औषध आम्हाला बाहेरून आणावं लागलं नाही. सावड आपल्या हाडात आहे. तुझ्या रानात आज मी, माझ्या रानात उद्या तू. आम्ही लशीची सावड लावली. एका गल्लीतल्या चौघींपैकी एका खेपेला दोघींनीच टोचून घ्यायचं. राहिलेल्या दोघींनी त्यांच्या घरी दोन दिवस भाकरी, पाणी, शेळीचा चारा बघायचा. पुढच्या खेपेला उलटं. पॅरासिटामॉलची पाकिटं आशाताईंकडून घेऊन गटाच्या पेटीत ठेवली. जिच्या घरचे कुरकुर करतील तिच्या घरी अध्यक्षताई स्वतः जाऊन सासऱ्यांसमोर चहा पिऊन यायच्या. अध्यक्षताई चहा पिऊन गेल्यावर नाही म्हणायची टाप कुणाची!

आणखी एक भांडण आम्ही मिटवलं, ते बाटलीचं. शिबिराच्या दिवशी बाया सकाळी नऊला येऊन बसायच्या आणि सिस्टर बाटली उघडायच्या नाहीत. “आमची लस ठेवून घेतात, ओळखीच्यांना देतात” असं सुरू व्हायचं. हिशोब असा होता: कोविशील्डच्या एका बाटलीत दहा डोस. बाटली दोन ते आठ अंश थंडीत ठेवायची, आणि एकदा उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. चारच बाया आल्या आणि उघडली, तर सहा डोस मातीत. त्या दिवसांत लशीचा इतका तुटवडा होता की मे महिन्यात अठरा ते चव्वेचाळीस वयाच्यांची लस राज्याला थांबवावी लागली. म्हणून आम्ही आदल्या दिवशी दहाच्या पटीत याद्या करायला लागलो आणि वर तीन नावं राखीव. कुणी आलं नाही तर राखीव नावाला हाक. सिस्टर आमच्या यादीची वाट बघायला लागल्या. दळण टाकल्यासारखं काम झालं ते, नंबर लागला की पुढं.

दुसऱ्या डोसाच्या तारखेनं मात्र आमच्या नाकात दम आणला. कोविशील्डचं अंतर आधी चार-सहा आठवडे, मग सहा-आठ, मग 13 मे 2021 ला बारा ते सोळा आठवडे. कोवॅक्सिनचं मात्र चार ते सहा आठवडेच. अडाणी-शिकलेल्या सगळ्याच गोंधळल्या. काही जणी म्हणाल्या, यांनाच माहीत नाही, आपण कशाला विश्वास ठेवायचा? मला यात सरकारचा एक दोष वाटतो. तारीख बदलली हे सांगितलं, का बदलली हे गावापर्यंत नीट कधी पोचलं नाही. आम्ही गटाच्या भिंतीवर कॅलेंडर टांगलं आणि प्रत्येकीच्या चौऱ्याऐंशीव्या दिवसावर तिचं नाव लिहिलं. माझी पहिली लस जुलैत, दुसरी ऑक्टोबरात. त्याच महिन्यात, 21 ऑक्टोबर 2021 ला, देशात शंभर कोटी डोस पूर्ण झाले.

आता लस काय करते ते बघू. भुईमुगाला, हळदीला रानडुक्कर लागतं, रोही लागतात. आपण माळ्यावर जागल्या बसवतो. नवा जागल्या असंल तर डुकराची चाहूल त्याला ओळखू येत नाही. तो उठेस्तोवर निम्मं रान उकरलेलं असतं. ज्या जागल्यानं डुकराचा माग एकदा बघितलाय तो पान हललं तरी उठतो. आपल्या रक्तात असे जागले असतात. लस त्यांना रोगाचा माग दाखवते, खरं डुकर न सोडता. ते शिकत असतात तेव्हा अंग तापतं, हात दुखतो. एक-दोन दिवसांत उतरतं. दुसरा डोस म्हणजे उजळणी.

मग लस घेतलेल्यांनाही कोरोना कसा झाला? झाला, खोटं कशाला बोलायचं. 2022 च्या जानेवारीत ओमायक्रॉन आला तेव्हा आमच्या गल्लीत दोन-दोन डोस घेतलेले निम्मे लोक आडवे होते. जागल्या असला तरी डुकर बांधावरून आत येतं. पण सगळं रान फस्त करायच्या आत त्याला हाकललं जातं. त्या खेपेला आमच्या गल्लीत कुणाला ऑक्सिजन लागला नाही. ‘लस घेतली की रोग होतच नाही’ असं ज्यांनी सांगितलं त्यांनी जास्त सांगितलं, आणि मग लोकांचा सगळ्यावरचाच विश्वास उडाला.

थांबा. गरम पाणी, काढा, वाफ यांवर तुमच्या घरी किती खर्च झाला होता? त्यातलं कशानं बरं वाटलं, आणि कशावर पैसे गेले?

आता त्या पोरीच्या प्रश्नाकडं येते. अटॅकचं खरं काय? 2024 च्या उन्हाळ्यात बातमी आली की कोविशील्ड ज्या कंपनीच्या संशोधनावर बनली तिनं इंग्लंडच्या कोर्टात कबूल केलं, या लशीनं क्वचित रक्तात गुठळी होऊ शकते. हे खरं आहे. गुठळी होते आणि त्याबरोबर रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात. पण ते फार फार क्वचित, आणि झालंच तर टोचल्यानंतरच्या पहिल्या महिना-दीड महिन्यात. दोन डोस घेऊन तीन-चार वर्षं झालेल्या बाईला आज त्याची भीती धरायचं कारण नाही. तरण्याताठ्या माणसांच्या अचानक मरणाचं म्हणाल तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं 47 मोठ्या रुग्णालयांत अभ्यास केला. 18 ते 45 वयाची, वरून धडधाकट दिसणारी जी माणसं 2021 ते 2023 च्या दरम्यान अचानक गेली, त्यांची तुलना जिवंत असलेल्या तसल्याच माणसांशी केली. लशीनं धोका वाढलेला दिसला नाही, दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच दिसला. धोका वाढलेला दिसला तो कोरोनानं दवाखान्यात राहून आलेल्यांत, घराण्यात असं अचानक मरण आधी झालेल्यांत, आणि मरणाच्या आधीच्या दोन दिवसांत भरमसाट दारू प्यालेल्यांत किंवा एकदम जोराचा व्यायाम केलेल्यांत. दारूचं वाक्य घरी पुरुषमंडळींना वाचून दाखवा, ते व्हॉट्सअॅपवर काही येत नाही.

तेव्हा एक मेसेज होता, लस घेतली की माणूस दोन वर्षांत मरतो. सासूबाई आता पंचाहत्तरीला टेकल्यात. रोज देवळापर्यंत चालत जातात.

आणि गोवर-रुबेलाची लस ही कोरोनाची लसच नव्हे. गोवराची लस आपल्याकडं सरकारी कार्यक्रमात 1985 पासून आहे. इथं बसलेल्या निम्म्या जणींनी ती लहानपणी घेतलेली आहे. 2018 च्या नोव्हेंबरात शाळाशाळांतून मोहीम झाली तेव्हा आपली पोरं रांगेत होती. टाळेबंदीत मात्र पुष्कळ लेकरांचे डोस हुकले. उपकेंद्र बंद, सिस्टर कोरोनाच्या कामाला, रस्ते बंद. त्याचं फळ 2022 च्या शेवटी दिसलं. मुंबईत गोवंडीला, भिवंडीला, मालेगावला गोवराची साथ आली आणि लेकरं दगावली. आपण म्हणतो, गोवर काय, बाईचा फेरा, निंबाचा पाला टाकला की जातो. पण गोवर अंगावरून उतरला तरी मागं न्यूमोनिया, हगवण, कधी डोळ्याला इजा ठेवून जातो, आणि अर्धपोटी लेकराला तर नेतोच. हा कोरोनापेक्षाही जोरात पसरतो. लस नसलेल्यांत एक लेकरू बारा ते अठरा जणांना देऊ शकतं. दोन डोस आहेत. पहिला नऊ महिने पूर्ण झाल्यावर, तेव्हाच जीवनसत्त्व अ चं औषध पाजतात. दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. पहिला झाला म्हणून दुसरा सोडणाऱ्या आया आमच्या गावात जास्त आहेत.

एक गोष्ट राहिली, ती लपवण्याची. कोरोनानं गेलेल्या माणसाच्या घराला 50 हजार रुपये मदत होती. त्यासाठी कागद लागायचा, की तपासणीत रोग निघाला आणि त्यानंतर तीस दिवसांच्या आत मृत्यू झाला, किंवा डॉक्टरनं तसं लिहून दिलं. अक्कांचा कागद होता, भाऊजींना पैसे मिळाले. आमच्याच गटातल्या एकीचा नवरा त्याच लग्नानंतर घरातच गेला, तपासणी नाही, दवाखाना नाही. लोकांनी बोल लावू नये म्हणून लपवलं होतं. तिला दोन लेकरं. जिल्ह्याला तक्रार समिती होती, तिथंही ती गेली, पण हातात चिठ्ठीच नाही तर समिती काय बघणार? गावातल्या सगळ्यांना ठाऊक आहे तो कशानं गेला. ती आज दुसऱ्याच्या रानात रोजानं जाते. गटानं तिचं व्याज माफ केलं, तेवढंच आमच्या हातात होतं. कोरोनात विधवा झालेल्या बायांसाठी ‘मिशन वात्सल्य’मधून निराधार योजना, रेशन कार्ड, वारसा हक्क यांची कामं झाली. तुमच्या गटात अशी कुणी असंल आणि तिचं रेशन कार्ड अजून सासऱ्याच्या नावात अडकलेलं असंल, तर ग्रामसंघाला सांगा.

ती तरणी पोर हा पाठ मी लिहिताना दोनदा घरी येऊन गेली. मी तिला लस घे म्हणाले नाही. अक्कांची गोष्ट सांगितली, भाकरीचं धरून सगळी. मग तिनं विचारलं, “ताप आला तर किती दिवस राहील?” मी म्हणाले, सहसा एक-दोन दिवस, आणि गोवराच्या लशीचा कधीकधी आठवड्यानं पण येतो, अंगावर बारीक पुरळही येतं, घाबरायचं नाही. तिनं परत विचारलं, “माझा सोयाबीन काढणीचा वार आहे, त्या दिवशी रात्री लेकरू किरकिर करायलं तर?” तिच्या शेजारची आणि मी, आम्ही दोघींनी तिचा वार वाटून घेतलाय.

पुढच्या बैठकीला येताना घरातल्या पाच वर्षांखालच्या प्रत्येक लेकराचं लसीकरण कार्ड बरोबर आणा. सुनेचं बाळ असंल तर सुनेलाही आणा, कार्ड तिच्याच हातात असू द्या. आशाताई येणार आहेत. कार्ड उंदरानं खाल्लं असंल, पावसात भिजलं असंल, तरी या. उपकेंद्राच्या रजिस्टरात नोंद असते, ती आपण काढून घेऊ.